फिरकीचं चौथं कलम

८ डिसेंबर १९९६, रविवार

लिहून झालं! चार कलमं, एक पान, एकही खाडाखोड नाही.

गेल्या वर्षी पतंगांच्या शर्यतीत कतारगामचे हिरेवाले फिरकीत छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, बसवून आले होते. हजार वार दोरा ज्याचा पतंग आधी ओढून नेईल तो जिंकतो. शिट्टी वाजली आणि त्यांच्या पतंगाने दोरा संपवला, तेव्हा आमची फिरकी अर्धी भरलेलीच. ही कसली शर्यत! कमिटीच्या भगवानभाईंशी मी कडाकडा भांडलो होतो. त्यांनी ते वर्षभर लक्षात ठेवलं. परवा म्हणाले, "तो तू ज लखी आप ने, वाल्मिक! सबके लिए एक नियम." मलाच लिहायला सांगितलं — मला!

पतंग सगळ्यांना एकाच मापाचा, दोरा एकाच कारखान्याचा, फिरकी कमिटी देईल तीच. चौथं कलम माझं लाडकं — फिरकीला छर्रा, नळी, पत्रा, पट्टा, रबर किंवा इतर काहीही जोडायचं नाही. फोल्डिंग खात्यात कापडाचे दोष लिहून लिहून हात बसलाय, एक पळवाट सुटायची नाही.

घरी थोरल्या भावाला, पंडितदादाला वाचून दाखवलं. त्याला अक्षरओळख नाही. म्हणाला, "आखो एकदाव वाच." परत वाचलं. मग म्हणाला, "भलतं चांगलं लिखं रे तू!"

१५ डिसेंबर

नियम छापून कमिटीच्या भिंतीवर लावलेत. खाली माझं नाव! दादा कामावरून लांबच्या वाटेने जाऊन बघून आला म्हणे. वाचता येत नाही आणि बघतो काय कोण जाणे.

२२ डिसेंबर

कमिटीची फिरकी आणली. हौसेने दादाच्या हातात दिली. त्याने ती डाव्या हाताने धरली आणि माझ्याकडे बघितलं.

उजव्या हाताला लूमने नऊ वर्षांपूर्वी अंगठा आणि करंगळी तेवढी ठेवली. म्हणून आमच्या जुन्या फिरकीच्या उजव्या दांडीला त्याने मोटरच्या पट्ट्याच्या तुकड्याचा फास केला होता. तळहात त्यात घातला की फिरकी सुटायची नाही.

पट्टा! मी माझ्या हाताने लिहिलं — पट्टा!

दर वर्षी दादा फिरकी धरतो, मी पतंग उडवतो. बघून बघून तो पट्टा मला दिसेनासाच झाला होता. दादाचा हातच धरून चाललो होतो मी त्याला. कापडातली भोकं शोधणारा मी!

दादा एवढंच म्हणाला, "जाऊ दे. योगराजले धर." योगराज म्हणजे शेजारच्या खोलीतला. त्याला फिरकी धरता येते, बस.

२३ डिसेंबर

भगवानभाईंकडे गेलो. पाया पडायचंच बाकी ठेवलं. ते म्हणाले, "खाली नाव कोणाचं?" माझं. "एकाला पट्टा दिला तर कतारगामवाले उद्या छर्रे मागतील. काय सांगू?"

काय सांगणार! त्यांच्या जागी मीही हेच बोललो असतो. करावं तसं भरावं.

३० डिसेंबर

दादा वर्षभर कारखान्यात झाडू मारतो, धाग्याचा कचरा गोळा करतो. पोरंटोरं 'टुंडा', म्हणजे थोटा, म्हणून हाक मारतात, तो ओ देतो. इच्छापोरला शर्यतीच्या मैदानावर एका दिवसापुरता तो 'उस्ताद' असतो. लोक फिरकी कशी धरायची ते त्याला विचारायला येतात. तो एक दिवस मी खाल्ला. आता काही होणार नाही.

३ जानेवारी

दादाने पट्ट्याशिवाय धरून बघितली. तीनदा सुटली. चौथ्यांदा मीच नको म्हणालो.

१२ जानेवारी १९९७, रविवार

पहिल्याच फेरीत बाद. योगराजचा दोष नाही. मीच सारखा मागे वळून बघत होतो, तिथे दादा नव्हता.

शर्यत मात्र सरळ झाली, कोणाची तक्रार नाही. भगवानभाईंनी माइकवर माझं नाव घेऊन आभार मानले. टाळ्या पडल्या. दादा दोरीपलीकडे गर्दीत उभा होता, उजवा हात खिशात. टाळी कशी वाजवणार तो! मला मैदानातून पळून जावंसं वाटलं.

१३ जानेवारी

दादा कामावर गेल्यावर उषावहिनीला विचारलं, जुना पट्टा कुठे आहे? तिने पेटीतून काढून दिला, फडक्यात नीट गुंडाळलेला. म्हटलं, नवी फिरकी आली त्या दिवशी सोडला असेल.

"नही भाऊ. तू लिखेल वाचं ना, त्याच दिन. दोनदाव वाचाले लावं, तवयच त्यास्ना ध्यानमा उनं."

मग बोलला का नाही?

"मी बी तेच इचारं. ते म्हनेत — आठे परका मुलूखमा आपला मानूसले नियम लिखाले कोन सांगस? लिखू दे त्याले."