तेल न लावलेले केस

धारगळ,
४ नोव्हेंबर २०२५

प्रिय संजू,

ताईचे आशीर्वाद. तुमच्या लाटंबार्शातली भातं कापून झाली असतील. इथे गौरेशची नोकरी ठीक चालली आहे, सूनही बरी आहे.

दीड वर्षाने लिहिते आहे, म्हणून आधी चांगली बातमी. माझं कंबरेचं दुखणं निम्म्याने हलकं झालं. परवा म्हापशापर्यंत बसमध्ये बसून गेले, उभी राहून नव्हे!

एका डॉक्टरबाईंकडे आठ आठवडे ध्यान शिकले. दुखणं पळवायचं नाही, त्याच्याकडे नुसतं बघायचं. आधी आणि शेवटी डोक्याला तारांची टोपी घालून मेंदूतली हालचाल मोजतात, तिच्या रेषा कागदावर उमटतात. पहिल्या दिवशी फजिती झाली. शाळेत विस्कटलेले केस दिसले की सिस्टर परत पाठवायच्या, ती सवय. खोबरेल चोपडून, अंबाडा बांधून गेले. तिथली टोपी लावणारी अंकिता हसायलाच लागली. "आंटी, तेलावर तार चिकटत नाही! इथे धुतलेलेच केस लागतात." तिनेच बेसिनपाशी केस धुऊन दिले. मग बोटांनी भांग पाडत बसली, तेव्हा तू आठवलीस. शाळेआधी माझी वेणी तू घालायचीस, तुझी मी.

खरं सांगू? मी गेले होते ती त्या मोजणीच्या कागदासाठी. तुझ्यापुढे टाकायला, की बघ, माझं दुखणं खरं आहे. तसं डॉक्टरबाईंना बोलूनही गेले. त्या म्हणाल्या, "सुमंगलाबाई, दुखणं खरं की खोटं ते या रेषा सांगत नाहीत. तुम्ही म्हणता दुखतं, मला तेवढं पुरे." दुखण्याच्या सहा वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. मी तिथेच रडले.

मग टोपी घालून डोळे मिटले, तर समोर कंबर नाहीच, तुझ्या लेकीची, सेजलची हळद. "आंटी, दात आवळू नका हां, रेषा नाचतात!" अंकिता दोनदा ओरडली.

तुझे भावोजी जाऊन तेव्हा आठच महिने झाले होते. हळदीची वाटी माझ्यापर्यंत आली आणि तुझ्या सासूबाईंनी ती माझ्यावरून पुढे दिली. तू पाहिलंस आणि मान खाली घातलीस. मी कंबर धरून उठले. "ताई, तुझं दुखणं बरं वेळ बघून येतं," तू म्हणालीस.

संजू, त्या दिवशी कंबर दुखत नव्हती. बाकी सगळे दिवस दुखत होती. तेवढा एक दिवस तू बरोबर होतीस, आणि म्हणूनच मला इतका राग आला. भरल्या घरात तुलाही तोंड उघडता आलं नाही, हे आता कळतं.

शेवटच्या मोजणीला पुन्हा तीच वाटी डोळ्यांपुढे आली. आली, गेली. अंकिता एकदाही ओरडली नाही.

पुढच्या शुक्रवारी बाजाराला ये. अकराला म्हापशाच्या स्टँडवर थांबते, मग घरी जाऊ. मोजणीपासून केसांना तेल लावलेलं नाही. बाटली काढून ठेवली आहे.

तुझ्या बोटांची वाट बघणारी,
ताई