टेबलावर माझी पाटी

शनिवार, दिवेलागण

मी सांगते, नात लिहिते. लिही गं मानसी, हसू नकोस.

सिनेमातल्या अवकाशयानात असतं तसं खेळाचं गोल टेबल या पोरीने आमच्या पडवीत बनवलं. बोईसरच्या भंगारातला पत्रा, प्लायवूड, खालून दिव्यांची पट्टी. बटण दाबलं की पटावरची घरं हिरवी उजळतात. एक घर मात्र काही केल्या पेटत नाही. सोंगट्या म्हणजे म्हणे परग्रहावरचे प्राणी. मला तर सगळे जाळ्यात सापडलेले वाटतात.

उद्या तिला बघायला माकुणसारचे पाहुणे येणार. सकाळपासून सुनेचं एकच, "ते टेबल मोडा, नायतर वाडीत नेऊन टाका. पोरगी खेळनी बनवते म्हनतील!" आणि पोरगी गप्प. एरवी माझं एक ऐकून घेत नाही, आज गप्प! तेच मला सोसेना.

मग काय, मासळीची रिकामी पाटी उचलली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. बाजारात जिची पाटी तिची जागा, ती कोणी हलवत नाही. सूनही बाजारात बसते. हात लावला नाही तिने.

"आई, बोंबलाचा वास येतोय!" सून म्हणाली.

"येऊ दे. पावन्यांना कळू दे कोनाच्या घरी आलेत."

पाटी उचलेन ती पाहुणे आल्यावरच. चहा त्याच टेबलावर, दिवे लावून.

ते न पेटणारं घर मानसी आज दुरुस्त करणार होती. म्हटलं, राहू दे. मुलाची कपबशी तिथेच ठेवू. हे का पेटत नाही, असं त्याने विचारलं तर पुढचं बोलू. नाही विचारलं, तर चहा पिऊन जाऊ दे.