पडलेल्या भाभीची आभारफेरी

६ डिसें., शुक्रवार

प्रचार संपला. घसा साफ बसलाय. माझ्या मेसच्या पोरी म्हणतात, मावशी, आज तुम्ही खुणा करा, आम्ही जेवतो. या सगळ्या क्लाससाठी लातुरात आलेल्या. त्यांना इथं मत नाही, तोंड मात्र आहे.

शमीमभाभी नगरपालिकेला उभी. तिला चिन्ह हवं होतं शिलाई मशीन. सगळ्या वॉर्डाचे ब्लाउज तीच शिवते. मिळाली कपबशी. मग काय, ज्या दारी जावं तिथं लोक हसत हसत चहाच टाकतात. पित्त उसळलंय.

भाभी मात्र घाबरलीय. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या म्हणाली, "सुमन, हरले ना, तर मी पुन्हा घराबाहेर नाही निघणार बघ. मी भली, माझी मशीन भली. लोकांना तोंड कसं दाखवायचं?"

मी म्हटलं, हरतीस कशाला. तिनं दातानं दोरा तोडला. नळ आला नाही की नगरपालिकेत जाऊन ठिय्या देणारी गल्लीत ती एकटी. तीच दार लावून बसली तर...

७ डिसें., शनि.

भोंग्याचा रिक्षावाला बाबुराव सकाळीच दारात. कॅसेट भरून देणारा माणूस मेहुण्याच्या लग्नाला नांदेडला चाललाय. "आभाराची कॅसेट आत्ताच भरून घ्या मावशी. जिंकल्यावर कोन भरून दील?"

पटलं. बसलेल्या घशानंच बोलले. शमीमभाभींना भरघोस मतांनी निवडून दिल्याबद्दल समस्त मायबाप मतदारांचे आभार, वगैरे. भाभीला सांगितलं नाही. रशीदभाईंना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, घड्याळाच्या दुकानात नेऊन ऐकवलं. डोळ्यावरचं भिंग न काढता ऐकलं त्यांनी. "आवाज अच्छा आया. अल्ला करे, ये बजे."

बाबुरावला सांगून ठेवलं, सोमवारी पाचला सुरू कर.

हिच्यासाठी घसा फाटला तरी चालेल मला. भूकंपानं घर नेलं, घरातली माणसं नेली. नेसत्या साडीनिशी लातुरात आले तेव्हा भाभीनं मशीन उंबऱ्यापाशी सरकवली आणि त्या जागी माझं अंथरूण घातलं. लेकीच्या ईदच्या कापडातून मला ब्लाउज शिवला. कुठली, कोणाची, काही विचारलं नाही. त्या जागेवरच मी पुन्हा माणसात आले.

८ डिसें., रवि.

मतदान. उभं राहून पाय सुजले. आमच्या विहारातल्या बायका सकाळीच येऊन गेल्या. चंद्राबाई आजींना बाबुरावनं रिक्षातून आणलं. कानानं अधू. बाहेर येऊन शाईचं बोट वर करून ओरडल्या, "दिलं गं बाई कपबशीलाच!" समोरच्या पार्टीची पोरं भडकली, हवालदार धावला. आजींना त्यातलं काही ऐकूच आलं नाही.

येतीय निवडून.

९ डिसें., सोम.

पडलो.

दुपारपर्यंत आम्हीच पुढं होतो. शेवटच्या पेटीनं घात केला, पलीकडच्या कॉलनीच्या. भाभी एवढंच म्हणाली, "चल, घरी." गुलाल चुकवायला मागच्या बोळानं निघालो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि भोंग्यातून माझाच आवाज. भरघोस मतांनी निवडून दिल्याबद्दल...

धावत जाऊन रिक्षा थांबवली. बाबुराव म्हणतो, "तुमीच म्हनलात ना पाचला सुरू कर. म्या तर समद्या वॉर्डात फिरून आलो."

निकाल विचारायचं त्याला सुचलं नाही. त्याला तरी काय बोलू, सांगून मीच ठेवलेलं. मागं वळले तर भाभी पदर तोंडावर ओढून घरात शिरलेली. आतून कडी.

१० डिसें., मंगळ.

दार बंद. आतून फक्त मशीनचा आवाज. रशीदभाई माझ्या ओट्यावर येऊन बसले. "सुमनताई, आपही कुछ करो. मेरेसे बी बात नै करती." मी काय करू? तोंड पोळलेली मीच.

दुपारी चंद्राबाई आजी काठी टेकत आल्या. हातात पेढ्याचा पुडा. दुसरं काही ऐकू येत नाही, भोंगा बरोबर ऐकला! मी अडवेपर्यंत दार बडवायला लागल्या. "उघड गं! निवडून आली आन् दार लावून काय करून राहिली?"

म्हातारीपुढं भाभीचा नाइलाज झाला. कडी काढली. "नाही आजी, पडले मी." दोनदा ओरडून सांगावं लागलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

आजी गोंधळल्या. "पडलीस? मंग भोंगा कशाचे आभार मानत व्हता?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. भाभीनं पेढ्याच्या पुड्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मत दिलं, त्याचे."

आजींना ऐकू आलं नाही. भाभीनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा मोठ्यानं म्हटलं. म्हणता म्हणता तिलाच रडू फुटलं.

"मंग बरूबर हाय की," आजी म्हणाल्या आणि तिच्या तोंडात पेढा कोंबला.

११ डिसें., बुध.

सकाळी भाभी माझ्या दारात, पायात चपला. "तुझा भोंगा सगळीकडं खोटं बोलून आला. आता खरं सांगायला नको? चल."

आभारफेरी जिंकलेल्यांची असते, वाजतगाजत. आमची दोघींचीच, पायी. दारात उभं राहून भाभी म्हणायची, "पडले, पण मत दिलंत, तुमचे लई उपकार." ज्याला त्याला एकच घाई, आम्ही तुम्हालाच दिलं! एवढी मतं खरंच पडली असती तर लातूर सोडा, नांदेडसुद्धा आमचंच होतं. समोरच्या पार्टीचा झेंडा लावलेल्या घरीही गेली. ते वरमले, बसा म्हणाले. पुन्हा चहा.

परतताना नळावरच्या बायकांनी गाठलं. "भाभी, नळाचं तेवढं बघा."

"अगं, मी पडलेय."

"हाव, म्हाईत हाय. पर मंग सांगावं कुनाला?"

भाभीनं कोरड्या नळाची तोटी फिरवून पाहिली. मला फार भरून आलं. या वॉर्डानं आम्हाला पाडलं आणि मी त्याच वॉर्डाचे मनातल्या मनात आभार मानत घरी आले. कॅसेटीत नव्हते इतके.

१५ डिसें., रवि.

तेव्हापासून भाभी घरातच. लग्नसराईचे ब्लाउज साठलेत म्हणते. हरलेल्या बाईला नगरपालिकेतला साहेब खुर्ची तरी देईल का, असंही एकदा म्हणाली. नळ अजून कोरडा. मी विषय काढला नाही.

आज संध्याकाळी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं तिनं, "सुमन, तुझ्या पोरींच्या पोळ्या सकाळी कधी आटपतात?"

दहापर्यंत, म्हटलं. का गं?

"काही नाही. असंच."

उद्या सोमवार, नगरपालिका उघडी. कणीक आत्ताच मळून ठेवलीय.