बंद लाइनीवरचे निरोप

तीर्थरूप भिकाजीकाकांस,

मालवणहून पुतण्या विनीतचा साष्टांग दंडवत. तुम्हाला जाऊन सहा महिने झाले, तरी प्रकृती विचारायची सवय सुटत नाही. गुडघे आता दुखत नसावेत. इकडे आईचा दमा तसाच, आणि माझी झोप उडाली आहे. कारण तुम्ही.

आठवा तुमचा दहावा. कावळा पिंडाला शिवेना. काकूला सांभाळू म्हटलं, कलमांना खत घालू म्हटलं (तुमच्या जितेपणी कोणी घातलं नव्हतं), मेला ढिम्म. शेवटी उन्हाने वैतागून मीच ओरडलो, "काका, तुमची तिसरी लाइन बंद करणार नाही!" तेव्हा कुठे झडप घातली.

तुम्ही जन्मभर सांभाळलेले आपल्या कंपनीचे दोन मेनफ्रेम, म्हणजे अवाढव्य संगणक, एक मुंबईत, एक पुण्यात. दिवसभर एकमेकांना निरोप धाडतात. तुमचा हट्ट, की लठ्ठ निरोप दोन लाइनींवरून जाऊ देत, बारक्यांना तिसरी वेगळी ठेवा, नाहीतर लठ्ठांमागे रखडतात. खरंच होतं ते. पण नव्या दोन लाइनी इतक्या जलद, की तुमची म्हातारी नुसती मेमरी खात बसलेली. मुंबईचे आमचे जितेंद्र साहेब म्हणाले, ती काढा, नाहीतर घरून काम बंद, मुंबईत येऊन बसा. दमेकरी आईला कोणाच्या भरवशावर टाकू? सोमवारी वचन मोडलं, लाइन बंद केली.

तिन्हीसांजेला पडद्यावर बघतो तर काय! लाइन बंद असंच लिहिलेलं, आणि शेजारी निरोपांचा आकडा वाढतोय. पोहोचायला लागलेला वेळ शून्य. (शून्य, काका! अशी लाइन बाजारात मिळत नाही.) पुण्याला फोन केला, सगळे निरोप पोहोचलेले. आईला सांगितलं. ती म्हणाली, "झिला, आधी नारळ दी नि गाऱ्हाणा घाल." घातलं. आकडा आणखी जोरात पळू लागला.

साहेब मात्र खूश. म्हणतात, एक लाइन बंद करून एवढा फायदा, तर शनिवारी उरलेल्या दोन्ही बंद करा. नाही म्हटलं तर मला मुंबई. हो म्हटलं तर सगळी कंपनी एकट्या तुमच्यावर.

तुमचा वचनभंगी,
विनीत

ता.क. हे पत्र माफीसाठी आहे असं समजू नका. विचारायचं एवढंच: शनिवारपासून लठ्ठ निरोपही झेपतील का? झेपणार नसतील तर मी बॅग भरतो.

पुन्हा ता.क. पत्र अजून पाठवलेलं नाही. (कुठे पाठवायचं तेही ठाऊक नाही.) पण बंद लाइनीवर आत्ता एक बारका निरोप आलाय, माझ्या नावाने: "झेपतले. तू आवशीक सोडून जाव नको."