सरासरी उंची

४ सप्टेंबर
आलो बाई दोघी एकदाच्या इंग्लंडात, रीडिंगला! घर चिमुकलं, पण मागे सफरचंदाचं झाड आहे. अन्वीच्या नव्या शाळेचा स्कर्ट नऊ वर्षांच्या मापाचा आणला, तो गुडघ्याच्या वर. पोर ताडमाड, बाबावर गेलीय. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलने तिची उंची आखली. श्रीनिवास दिवाळीपर्यंत पुण्याहून येईल.

११ सप्टेंबर
आमच्या वाचायच्या ॲपमध्ये हजारो पानांची फाईलसुद्धा झरझर सरकायला हवी. युक्ती जुनीच: समोर आहेत तेवढीच पानं पडद्यावर काढायची, नजरेआड गेलेली टाकून द्यायची. न दिसणाऱ्या पानांना सरासरी उंची द्यायची आणि नजर पोचली की खरी मोजायची. त्या मोजण्यातच फाईल हिसका खाते. मी मोजणंच काढून टाकलं. लांब पानांचा तळ कापला जातो, पण दृष्टीआड सृष्टी! बॉस अंशुमन, इथेच, लंडनच्या ईलिंगमध्ये जन्मलेला, खूश होऊन म्हणाला, "वरदा, इट्स लाइक बटर, काय मस्त चालते!"

१८ सप्टेंबर
अन्वी शाळेतून आली. स्कर्ट गुडघ्याखाली. चौकटीशी उभी केली, तर डोकं रेघेच्या चार बोटं खाली. आखताना माझाच हात हलला असेल.

२० सप्टेंबर
श्रीनिवासला व्हिडिओ कॉलवर दाखवली. म्हणाला, अशीच तर होती, तू उगाच डोक्यात घेतेस. पण भुवईवरचा वण कुठे गेला? झोपाळ्यावरून पडली होती तेव्हाचा? त्याने विचारलं, कसला वण.

२३ सप्टेंबर
मोजणं परत घातलं. अंशुमन वैतागला. वैतागू दे. टाकलेलं पान मूळ फाईलमधून पुन्हा काढता येतं. माझ्या पोरीची मूळ फाईल कुठून आणू?

२५ सप्टेंबर
अन्वीची शाळा मीच बंद केली. नजरेआड होऊच देत नाही. बाथरूमचं दारही उघडं. चिडते — आई, स्टॉप स्टेअरिंग ना, इट्स क्रीपी. पापणी लवली तरी भीती वाटते. फार भीती वाटते.

२६ सप्टेंबर
समोर खुर्चीत बसलीय. पाय जमिनीला टेकलेत. कुणीतरी खरी मोजून ठेवायला हवी, म्हणून आठवेल तशी लिहितेय. डाव्या भुवईवर वण. उजव्या गालाला खळी —

टाचा उचललेल्या. तिनेच उचलल्या असतील.

लिहायला मान खाली घालावी लागते. लवकर. आवाज घोगरा. केस दाट, कुरळे. डोळे —

डोळे कसे होते? वर बघते.

पाय लोंबताहेत. अन्वी, बाळा, माझ्याकडे —