कवचाला लोंबणाऱ्या पेशी

४ मार्च
धाकट्या बहिणीने आज भर परिषदेत माझं काम वाचून दाखवलं! मी सातव्या रांगेत, खुर्चीला खिळून. ‘आम्हांला असं आढळलं की—’ या आम्हांत मी कुठे, ते शेवटच्या आभारांत कळलं. ‘ताईंनी प्रयोगशाळा वापरू दिली.’ म्हणजे मी जागामालकीण!
गाईचा गर्भ सुरुवातीला जेमतेम आठ पेशींचा असतो. ना रक्त, ना काळीज. तरी रोगाशी लढणारी जनुकं तेव्हाच जागी होतात — हे माझं. बीजांडं काढून गर्भ बनवायला कत्तलखान्यातून थर्मासमध्ये गाईंचे अंडाशय मी आणत होते, बसमध्ये शेजारीण ‘चहा आहे का हो?’ विचारायची. धाकटी दीड वर्षापूर्वी माझ्याकडे काम शिकायला आली होती. शिकली!
लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. हातांना लाज नसते.

५ मार्च
आई फोनवर. ‘लहान आहे ती. तुझी नोकरी पक्की, तिची व्हायचीय. होऊ दे की!’
लहान! एकेचाळीस वर्षांची घोडी! पूर्वी ‘दे गं तिला’ बाहुलीसाठी होतं, आता शोधासाठी.
नवरा म्हणाला, ‘एकदा बोलून घ्या.’ भूकंपात घर पडलं तरी हा म्हणेल, भिंतींशी बोलून घ्या.

९ मार्च
तिच्या नवऱ्याचा फोन, आनंदाने फुटायच्या बेतात. ‘ताई, तिने निबंध छापायला पाठवला! पार्टी तुमच्याकडून हं!’ बिचाऱ्याला काहीच माहीत नाही. या घरात तो एकटाच निर्दोष, म्हणून सगळ्यांत जास्त चीड त्याचीच आली.
ठरलं. अख्खा प्रयोग पुन्हा करते. ताजा पुरावा हातात घेऊन भांडते. मागच्या खेपेला गर्भ स्वच्छ करायचं काम तिला दिलं होतं, यंदा तेही मीच.

२१ मार्च
जनुकं गप्प.

२२ मार्च
मोजणी पुन्हा केली. गप्पच! एकही चालू नाही.
मग जुन्या खेपेतले उरलेले गर्भ गोठवलेले होते, ते बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरले.
बीजांडाभोवती आईच्या पेशींचं जाळं असतं. गर्भ तयार झाला की त्याला बारीक काचनळीतून वरखाली करून ते उतरवायचं. उतरवलेलंच नाही! गर्भाच्या कवचाला झुबकेच्या झुबके लोंबताहेत. जनुकांचा तो सगळा गलका त्या पेशींचा. गर्भ बिचारा आत निवांत झोपलेला आणि त्याच्या वतीने आई बाहेर भांडतेय.
आमच्याच घरचं चित्र!

२३ मार्च
धाकटीला फोन केला. आधी उडवाउडवी, मग —
‘नळीत फुटत होते गं ताई ते गर्भ. तू ओरडली असतीस.’
‘म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं?’
तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. ती गॅस बंद करून आली.
‘माझी नोकरी पक्की होईपर्यंत थांब ना. मग मीच सांगते सगळ्यांना.’
चोरीचा राग मी गिळलाही असता. पण वर्षभर मी त्या निकालावर नाचत होते. तिच्यासमोर! आकडे दाखवत होते, पुढची स्वप्नं सांगत होते. आणि ही समोर बसून ‘भारीच गं ताई’ म्हणत होती. आत काही नाही हे ठाऊक असून.

२४ मार्च
आई : ‘काय बोललीस तिला? रडतेय ती.’
मी काय करतेय, हे कुणी विचारलं नाही.

२ एप्रिल
नियतकालिकाची मेल. निबंध तपासून द्यावा, तुमचं नाव गुप्त राहील. उघडला, तर धाकटीचा! लग्नांनी आमची आडनावं वेगळी केली, संपादकाला काय कल्पना. पहिलाच प्रश्न : लेखिकेशी किंवा या कामाशी आपला काही संबंध?
‘नाही’ म्हटलं असतं, तर निबंध आरामात फाडता आला असता. माझा हात कुणाला दिसलाही नसता.
लिहिलं — लेखिका माझी सख्खी बहीण. काम माझं. आणि ते चुकीचं आहे.