एकही गोल कोरा ठेवू नको

मखमलाबाद, नाशिक
१५ फेब्रुवारी २००४

चि. निवृत्तीस चंद्राक्काचे अनेक आशीर्वाद. आज ते रागानेच दिलेत, तरी लागू पडतील.

आणि वर तू लिहितोस की पोरीला नीट समजावून सांग. मी काय समजावू, डोंबल? तू पाठवलेलं परीक्षेचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंग्रजीत आहे. मी चौथी पास, तीसुद्धा मास्तर आपल्या आळीतले होते म्हणून. तुझी भाची एकेक ओळ मराठीत करून सांगते आणि मी शेवंतीचे हार ओवत ऐकते. एका प्रश्नाला चार उत्तरं छापलेली असतात, त्यातलं बरोबर असेल त्याचा गोल काळा करायचा. इथपर्यंत मला पटलं. उत्तरं आधीच छापून देतात म्हणजे सरकार दयाळू आहे. पण मग सुवर्णा म्हणाली की येत नसेल तो प्रश्न कोरा सोडायचा, कारण उत्तर चुकलं तर मिळालेल्यातले मार्क कापतात आणि कोरं सोडलं तर काहीच कापत नाहीत. मी सुई खाली ठेवली.

निवृत्ती, ही कुठली रीत? आपल्या घरातून शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही. रंगूबाईने ताक दिलं तर तिच्या वाटीत आपण चार मिरच्या का होईना घालतो. आईने आपल्याला तेच शिकवलं. आणि ही परीक्षा म्हणते, रिकामी वाटी आणलीस तर माफ, काही घालून आणलंस तर दंड. मुकं बसणाऱ्याचं भलं करणारी परीक्षा मी दिली असती तर शून्याच्याही खाली गेले असते. तोंड बंद ठेवणं मला कधी जमलं नाही, ते तुझ्या दाजींना विचार.

तुला माहीतच आहे, दाजींनी सुवर्णाला एकच संधी दिलीय. या देशभराच्या परीक्षेतून सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज लागलं तर शिकायचं. नाही तर रंगूबाईच्या बहिणीचा मुलगा येवल्यात आहे, घरचे पैठणीचे माग आहेत, मुलगा निर्व्यसनी आहे, फक्त बोलत नाही. तुळशीचं लग्न लागलं की हिचं लावायचं. आता एवढ्या एका पेपरवर सगळं असताना पोरगी जागा कोऱ्या सोडून येणार म्हणते. मग मी काय केलं, रंगूबाईसमोरच तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि तिला शपथ घ्यायला लावली, की एकही गोल कोरा ठेवणार नाही. मोडली तर मी मेले. तिने घेतली. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं केलं होतं, पण घेतली.

तू म्हणशील फोन का नाही केला. फोनवर मी ओरडते आणि मग सगळी आळी मला उत्तरं देते. कागद गप्प ऐकतो.

ललिताला आणि मुलांना आशीर्वाद. माया आहे तेवढी राहू दे, शहाणपण जरा कमी कर.

तुझी,
चंद्राक्का


बंगळूर
२ मार्च २००४

ती. चंद्राक्कास निवृत्तीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ललिताला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की दूध उतू गेलं. आता गंभीरपणे ऐक.

तू कोथिंबिरीच्या जुड्या शेकड्याने बाजार समितीत देतेस. समज, शेकडा भरायला काही जुड्या कमी पडल्या आणि तू सडक्या घालून भरती केलीस. व्यापारी सडक्या तेवढ्याच बाजूला काढतो का? तो चांगल्या मालाचाही भाव पाडतो. या परीक्षेतही चार उत्तरं चुकली की एक बरोबर आलेलं गेलं. कमी जुड्या आणलेल्या त्यांना चालतात, सडक्या चालत नाहीत. डोळे मिटून गोल काळे करणारी मुलं वर जाऊ नयेत म्हणून हा नियम आहे, आपल्या सुवर्णावर राग म्हणून नाही. आमच्या कारखान्यातही ज्याला खात्री नाही त्याने हात वर करायचा असतो. अंदाजाने बसवलेल्या स्क्रूचं विमान तू आकाशात पाहिलंस तर घरात पळशील.

मात्र सगळंच सोडायचं असंही नाही. चारातली दोन उत्तरं चूक आहेत हे नक्की कळलं, तर उरलेल्या दोनांत धोका घ्यावा. हे सुवर्णाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तिला फक्त तुझी भीती वाटते, जशी मला वाटायची. म्हणून अक्का, ती शपथ सोडव. दोन शब्दांचं काम आहे. पेपरच्या आत सोडव.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढताही असू दे आणि थोडा सौम्यही.

तुझा,
निवृत्ती


मखमलाबाद
२० मे २००४

चि. निवृत्तीस अनेक आशीर्वाद. मी जिवंत आहे, हे आधी सांगते. का सांगते ते पुढे कळेल.

तुझं पत्र वेळेत आलं होतं. उत्तर दिलं नाही कारण तुझं म्हणणं मला पटलं होतं, आणि असलं काही लिहायला माझा हात वळत नाही. तो जुड्यांचा व्यापारी मला चांगला ठाऊक आहे, आमचं भांडण अजून चालू आहे. तरी खात्री म्हणून मी कॉलेज रोडला सुवर्णाच्या क्लासच्या सरांकडे गेले. पोरगा तुझ्याहून लहान आहे, पण धीराचा. मी विचारलं की गप्प बसलेलं चालत असेल तर तुम्ही शिकवता कशाला. त्याने फळ्यावर काहीतरी गणित मांडलं, मग मला विचारलं समजलं का. मी समजलं म्हणाले. त्याने परत विचारलं. मी परत समजलं म्हणाले, जरा मोठ्याने. मग त्याने चहा मागवला. वाटेत सुवर्णा म्हणते, आई, तिथे गोल काळा केला असतास तर मार्क कापले असते.

तर शपथ सोडवायचं मी ठरवलं. पण रंगूबाईसमोर घातलेली, ती आपण होऊन परत घ्यायची म्हणजे नाक खाली. म्हटलं उद्या. उद्याचा परवा झाला. मग म्हटलं, पेपरला जाताना वाटेत सांगू, तिथे रंगूबाई नसेल. सेंटर पुण्याला आलं होतं. मी भाकऱ्या, ठेचा, पाण्याची कळशी आणि बसायला सतरंजी घेतली होती. कंडक्टर म्हणाला या सामानाचं तिकीट पडेल. मग मी त्याच्याशी संगमनेरपर्यंत भांडले, आणि पुढे नारायणगावपर्यंत तो माझ्याशी भांडला. पुण्यात उतरून सेंटर शोधेपर्यंत पोरांची रांग आत सरकत होती. सुवर्णा माझ्या पाया पडली आणि गेली. गेट लागलं. मी कळशी खाली ठेवली आणि तेव्हा मला आठवलं.

निवृत्ती, मी गेटच्या गजांना धरून वॉचमनला विनवलं. म्हटलं, आत माझी मुलगी आहे, तिला एवढंच सांगा की आई म्हणाली शपथ सुटली. तो बिचारा शांतपणे म्हणाला, मावशी, आत हजार पोरं आहेत, प्रत्येकाच्या आईचं काहीतरी सांगायचं राहिलंय. मग मी सतरंजी अंथरली आणि स्वतःला शिव्या देत बसले. दुसरं कोणी समोर असतं तर मी त्याला एवढ्या दिल्या नसत्या.

ती बाहेर आली. मी विचारलं, कोरे सोडलेस का काही. ती चपलांकडे बघून नाही म्हणाली. मला वाटलं झालं, शपथ पाळली पोरीने, आणि माझ्या हट्टापायी वर्षाची मेहनत पाण्यात गेली. आता येवल्याची साडी बघायची. बसमध्ये मी गप्प होते. येताना तोच कंडक्टर होता, त्याने दोनदा विचारलं, मावशी बरं वाटत नाही का.

आणि खरंच बरं नव्हतं. दिवसभराचं ऊन, त्यावर दुसऱ्या दिवशी रंगूबाईकडे आमरस, तोही दुःखात खाल्लेला, म्हणजे मोजून नाही. उलट्या सुरू झाल्या, ताप चढला. डॉक्टरने सलाईन लावलं. मी डोळे मिटून पडले होते तर पायाशी कोणीतरी हमसून रडतंय. कंपाउंडर धावत आला, त्याला वाटलं गेली बाई. सुवर्णा माझे पाय धरून बसली होती. म्हणाली, "आई, मी खोटं बोलले. मी गोल कोरे सोडले, पुष्कळ सोडले. तुझी शपथ मोडली मी. तू मरू नकोस गं."

मी एक डोळा उघडला. मारावंसं वाटलं, पण त्या हाताला सुई होती. म्हणजे बघ, या मुलीने पेपरात बसून एका पारड्यात माझा जीव ठेवला, दुसऱ्या पारड्यात ते फिजिक्स, आणि फिजिक्स जड भरलं. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी तिला कृतघ्न म्हटलं असतं. पण मला, खरं सांगू, इतकं हलकं वाटलं की ताप तिथेच उतरायला लागला. मी तिला एवढंच विचारलं, की येत नव्हते तेवढेच सोडलेस ना, का भीतीने जास्त. ती रडता रडता म्हणाली, येत नव्हते तेवढेच. म्हटलं मग रडतेस कशाला, मी आमरसाने मरतेय, तुझ्याने नाही.

आता निकालात मार्क नाही, नंबर येतो म्हणतात. तो किती आला म्हणजे चांगला, ते सोप्यात लिही. रंगूबाईने विचारलं तर माझ्याकडे उत्तर पाहिजे.

मुलांना आशीर्वाद. हसून झालं की माया पाठव.

तुझी,
चंद्राक्का


बंगळूर
३ जून २००४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

या वेळी ललिता हसली आणि मग पदराने डोळे पुसत बसली. तब्येत सांभाळ. आमरस मोजून खा.

नंबराचं असं आहे की तो लिलावासारखा नसतो. लिलावात आकडा वाढला की आपण खूश होतो, इथे जितका लहान तितकं बरं. देशभरातून लाखो मुलं बसतात, त्यामुळे काही हजारांतला नंबर आला तरी तो चांगला समज आणि रंगूबाईकडे मान वर करून जा. नंबराप्रमाणे कॉलेज आणि शाखा मिळते. जवळचं मिळेल असं नाही. नाशिकहून लांब जायची तयारी ठेवा. दाजींशी आत्ताच बोलून ठेव.

मी मात्र दाजींना काही सांगणार नाही. त्यांच्या घरात मी बोलणं बरं दिसत नाही. लेकीवर लोभ असू दे, आणि माझ्यावर उरेल तेवढा.

तुझा,
निवृत्ती


मखमलाबाद
१ जुलै २००४

चि. निवृत्तीस अनेक आशीर्वाद, आणि या खेपेला त्यांच्यासोबत एक काम आहे. पत्र उभ्याने वाचू नको.

सुवर्णाला कॉलेज लागलं. भोपाळचं, सरकारी, सिव्हिल शाखा. पूल बांधणार म्हणते. नंबर हजारांतला आहे, तू म्हणालास तसा चांगला. रंगूबाईला मी तो आकडा सांगितला तर ती म्हणाली, अगं बाई, एवढ्या पोरी पुढे गेल्या का. मी म्हटलं, पोरीच नाही, पोरंही गेली. पण तुमच्या भाच्यापेक्षा ही पुढेच आहे. हे बोलायला नको होतं. चार सुचलं तरी एकच बोलायचं असं मी ठरवलंय, ते उद्यापासून.

अडचण तुझ्या दाजींची आहे. नाही म्हणत नाहीत. हो पण म्हणत नाहीत. भोपाळचं नाव काढलं की मोगऱ्याला पाणी द्यायला जातात. मोगरा कुजायला आला. मला त्यांचं दुखणं कळतं. सुवर्णाला दिलेला शब्द त्यांना मोडायचा नाही, पण पोरीला एवढ्या लांब पाठवलं तर भावकीला आणि येवलेकरांना काय तोंड दाखवायचं, हेही कळत नाही. पंधरा तारखेला, गुरुवारी, येवल्याची माणसं होय की नाही ते ऐकायला येणार आहेत. आणि त्याच शनिवारी सुवर्णाने भोपाळला हजर व्हायचं आहे, नाही तर जागा गेली. मी सांगून पाहिलं. माझं ऐकून त्या माणसाने आजवर फक्त टोपी घातली आहे आणि बाहेर गेलाय.

म्हणून काल रात्री जेवणं झाल्यावर मी म्हणाले, निवृत्तीचं पत्र आलंय, तुमच्यासाठी आहे. ह्यांच्या चष्म्याची काच फुटली आहे, दुकानात टाकलाय, म्हणून म्हणाले वाच. मी तुझं ते जूनचं नंबराचं पत्र हातात धरलं आणि वाचलं. त्यात नव्हतं ते वाचलं.

तू लिहिलंस की मुलींचं होस्टेल कॉलेजच्या आवारातच आहे आणि रात्री लवकर बंद होतं. तू लिहिलंस की नाशिकरोडला गाडीत बसलं की सकाळी भोपाळ, म्हणजे पेठ-सुरगाण्याच्या घाटांपेक्षा सोपं. सोडायला तू स्वतः येणार आहेस, तेही लिहिलंस. येवल्याच्या पाहुण्यांना सांगावं की मुलीच्या मामाने शिकवायचा शब्द टाकलाय, मोडता येत नाही, म्हणजे वाईटपणा दाजींकडे येणार नाही, असंही लिहिलंस. आणि शेवटी, माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, तू लिहिलंस की आपल्या माळ्यांच्या आळीत मुलीला एक संधी देणारा बाप मी दाजींखेरीज दुसरा पाहिला नाही.

तुझे दाजी ऐकत होते. म्हणाले, शेवटचं परत वाच. मी परत वाचलं. शब्द थोडे बदलले, ते त्यांनी ओळखलं. म्हणाले, मघाशी 'आळीत' होतं, आता 'गावात' झालं. मी म्हटलं, अक्षर वाईट आहे. मग तिसऱ्यांदा वाचायला लावलं. उठताना म्हणाले, "निवृत्ती हल्ली तुझ्यासारखं बोलायला लागला." आणि सुवर्णाला हाक मारून विचारलं, भोपाळला थंडी किती असते, स्वेटर लागेल का. पोरगी आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसली की रडली, मी बघायला गेले नाही.

पण आता ते म्हणतात, पत्र जपून ठेव, गुरुवारी पाहुण्यांसमोर मीच वाचून दाखवतो. तर निवृत्ती, ते पत्र तू आता लिही. मी वर सांगितलं तसंच, त्याच क्रमाने, 'आळीत' लिही, 'गावात' नको. तारीख जून अखेरची टाक. अक्षर जरा वाईट काढ, कारण मी दोन ठिकाणी अडखळले होते. त्यांच्या घरात बोलणं बरं दिसत नाही असं तू लिहिलं होतंस. आता तू बोलून झालायस, तेव्हा तो प्रश्न मिटला. खोटं तुझ्या नावावर गेलं, याचं मला वाईट वाटतं, पण होस्टेलचं तेवढं खरं आहे का ते आधी कोणाकडून तरी विचारून घे. खरं नसेल तर मला वेगळ्या कागदावर कळव, मग माझं मी बघते. आणि सुट्टी टाक. सोडायला येणार आहेस.

स्पीड पोस्टाने पाठव आणि पाकिटावर माझं नाव घाल. चौदा तारखेला, बुधवारी, ते माझ्या हातात पडलं पाहिजे. ललिताला सांग, या खेपेला दूध गॅसवरून खाली काढून मग वाच. माझ्यावर माया असेल तर या पत्रात दिसू दे, नंतरची मला नको.

तुझी,
चंद्राक्का

ता. क. बुधवारच. गुरुवारी सकाळी ह्यांचा चष्मा येतोय.